गाईंच्या कुरणात गाण्याची जत्रा

वाचकहो, इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सॉमरसेट नावाचा परगणा आहे. नकाशावर शोधायचा तर लंडनवर बोट ठेवून ते पश्चिमेकडे सरकवत न्यावे आणि समुद्र लागण्याच्या थोडे अलीकडे थांबावे. मुलूख सगळा गवताचा. आपल्याकडे द्राक्षे म्हटली की नाशिक, ऊस म्हटला की कोल्हापूर-सांगली, तसे तिकडे दूध आणि चीज म्हटले की सॉमरसेट. चेडर नावाचे चीज आता आपल्या शहरांतल्या दुकानांतही दिसते. ते ज्या गावावरून ओळखले जाते ते चेडर गाव याच परगण्यातले. जमीन चढउताराची, पाऊस बाराही महिने थोडाथोडा, आणि बांधांवर तारेच्या कुंपणापेक्षा दाट झुडपांची जिवंत वई जास्त. अशी वई की शेळीसुद्धा आरपार जाणार नाही.

या परगण्यात पिल्टन नावाचे एक खेडे आहे, आणि पिल्टनच्या शिवारात वर्दी फार्म नावाचा दुभत्या गाईंचा मळा. वर्षभर तिथे काळ्या-पांढऱ्या गाई चरतात. जूनच्या अखेरीला मात्र पाच दिवस त्या कुरणावर दोन लाखांहून अधिक माणसे तंबू ठोकून राहतात. येतात ती गाणी ऐकायला. जगभर या जत्रेला ग्लास्टनबरीचा महोत्सव म्हणतात. पण ग्लास्टनबरी हे गाव तिथून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. टेकडी आणि तिच्यावरच्या जुन्या पडक्या देवळाचा मनोरा यांसाठी ते आधीपासून प्रसिद्ध, म्हणून त्याचे नाव चिकटले. कष्ट पिल्टनचे, नाव ग्लास्टनबरीचे. असे आपल्याकडेही होतेच.

जून २०२४ मध्ये ही जत्रा मी पाहिली, ती भाचीमुळे. माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी तिकडे एका इस्पितळात परिचारिका आहे. कॉलेजच्या वसतिगृहात असल्यापासून तिला कोल्डप्ले नावाच्या बँडचे वेड. आता बँड म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल डगलेवाले येतील. हा बँड म्हणजे चार जणांचा ताफा आहे. ख्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो, जॉनी बकलंड गिटारवर, गाय बेरीमन खर्जातल्या गिटारवर आणि विल चँपियन ढोलताशांवर. लंडनच्या कॉलेजात शिकताना १९९०-च्या दशकाच्या शेवटी हे चौघे एकत्र आले आणि आजतागायत एकत्र आहेत. आपल्याकडे तमाशाचे फड फुटायला दोन हंगाम लागत नाहीत, तिथे चौघांनी पंचवीस वर्षे काढली याचेच मला पहिले कौतुक वाटले. नोव्हेंबर २०१६ मध्ये हा बँड मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याचे तीन कार्यक्रम झाले. तुमच्या ओळखीपाळखीतले एखादे पोर तिथे गेलेही असेल.

वेड म्हणजे किती? पोरगी रात्रपाळीला जाताना तीच गाणी ऐकणार, परत येताना तीच. मी एकदा सहज विचारले, की एवढे इंग्रजी गाणे पाठ करून काय मिळते? तर म्हणाली, "मामा, तुम्ही धार काढताना अभंग म्हणता, तेव्हा गाईला तो कळतो म्हणून म्हणता का?" यावर मी गप्प बसलो.

त्या वेडाला एक कारण होते ते मला उशिरा समजले. तिचे वडील, माझे मेहुणे, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. आठ दिवसांचे आजारपण. त्या दिवसांत विमानांचे काही खरे नव्हते. इकडून तिकडे गेलेल्यांना अडकून पडावे लागत होते. ती तिकडे दुसऱ्यांच्या वडिलांची शुश्रूषा करत होती आणि स्वतःच्या वडिलांचे शेवटचे तोंड तिने फोनच्या पडद्यावर पाहिले. पुढे वर्षभराने आली, पण तेव्हा घरात सगळे सुरळीत झालेले. रडायची वेळ निघून गेलेली. माझ्या बहिणीने मला इंग्लंडला पाठवले ते खरे म्हणजे याच कारणाने. "एकदा जाऊन पोरीजवळ चार दिवस राहून ये," म्हणाली. गाण्याची जत्रा हे निमित्त झाले.

तिकिटाची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. ही जत्रा पाहायची तर आधी फोटोसकट नाव नोंदवावे लागते. तिकिटावर तो फोटो छापून येतो, त्यामुळे एकाचे तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही. काळा बाजार मोडण्याचा हा साधा उपाय मला फार आवडला. तिकिटे निघाली नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि एका तासाच्या आत संपली. किंमत माणशी ३५५ पौंड आणि वर ५ पौंड नोंदणीचे. आपल्या पैशात त्या वेळी अडतीस हजारांच्या आसपास. सुरुवातीला ७५ पौंड इसार द्यायचा, बाकी एप्रिलमध्ये. आणि मौज अशी, की इसार देताना कोण गाणार हे कोणालाच ठाऊक नसते! पेरणी करायची, पाऊस येईल तो येईल. भाचीने माझे आणि तिचे नाव नोंदवले, दोघांची तिकिटे मिळाली, आणि मार्च २०२४ मध्ये यादी जाहीर झाली तेव्हा शनिवार, २९ जूनच्या रात्रीपुढे कोल्डप्लेचे नाव होते. त्या दिवशी तिने आमच्याकडे फोन केला तो पहाटे चार वाजता. घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्या वेळी आलेला फोन चांगला नसतो, हा आमचा अनुभव.

अडतीस हजार एका माणसाचे! या पैशात आपल्याकडे दोन चांगल्या गाभण शेळ्या येतात. मी हे तिला बोलून दाखवले. ती म्हणाली, की मामा, माझ्या कष्टाचे आहेत, आणि मी तीन वर्षांत एकही सुटी घेतलेली नाही. मग विषय वाढवला नाही.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून आगगाडीत बसलात की दीड-दोन तासांत कॅसल कॅरी नावाचे छोटे स्टेशन येते. एरवी तिथे उतरायला चार माणसेही नसतील. जत्रेच्या दिवसांत गाडीच्या गाडी रिकामी होते आणि पुढे मळ्यापर्यंत बसगाड्या ये-जा करतात. बुधवारी दरवाजे उघडतात. प्रत्येकाच्या पाठीवर तंबू, अंथरूण, पाण्याची बाटली आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बूट कशाला, म्हणून विचाराल. या जत्रेत चिखलाचा इतिहास आहे. १९९७, १९९८, २००५, २००७, २०१६ या साली इतका पाऊस झाला, की माणसे घोट्यापर्यंत रुतून गाणी ऐकत उभी होती. आमच्या नशिबाने २०२४ साली आभाळ उघडे राहिले.

वेशीतून आत गेल्यावर एक चढ लागतो, आणि त्या चढावरून खाली पाहिले की मी म्हणतो ते पटेल. जिथवर नजर जाते तिथवर तंबू. शेकडो एकर. मधूनमधून वईच्या हिरव्या रेघा, एखादे जुने ओकचे झाड, आणि दूर धातूचा चमकणारा त्रिकोण. तो त्रिकोण म्हणजे मुख्य रंगमंच, पिरॅमिड. वारीच्या मुक्कामाचे तळ तुम्ही पाहिले असतील, तर साधारण कल्पना येईल. फरक असा, की वारीत पुढे चालायचे असते. इथे सगळे बसायला आलेले.

बारीकसारीक सगळे सांगत नाही. लहानमोठे रंगमंच शंभराच्या आसपास, आणि पहाटेपर्यंत कुठे ना कुठे काहीतरी चालूच. हरे कृष्णवाल्यांचा एक तंबू आहे, तिथे फुकट जेवण मिळते. परदेशात भात-आमटीचा वास आला की पाय आपोआप वळतात. पिण्याच्या पाण्याला जागोजाग नळ. प्लॅस्टिकच्या बाटल्यांतले पाणी विकायला २०१९ पासून बंदी आहे. संडासांत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा आणि पुढे त्याचे खत करायचे, अशी सोय मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. आपल्या जत्रांच्या पंचांनी ही एक गोष्ट जरी उचलली तरी गावाबाहेरचा ओढा वाचेल. अर्थात दोन लाखांत सगळेच तिथवर जात नाहीत, त्याबद्दल पुढे येईलच.

मला जास्त उत्सुकता होती ती मळ्याच्या मालकाची. त्याची गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण हा माणूस तुमच्याआमच्यातला आहे.

मायकेल ईव्हिस त्याचे नाव. जन्म १९३५ चा. जहाजावर नोकरीला होता. १९५४ साली वडील वारले, तेव्हा वय एकोणीस. दीडशे एकर जमीन, साठ गाई आणि डोक्यावर बँकेचे कर्ज एवढा वारसा घेऊन पोरगा समुद्रावरून परत आला आणि धारा काढू लागला. दुधाच्या धंद्याचे गणित तिकडे काही वेगळे नाही. चारा, मजुरी, डॉक्टर जाऊन हातात राहते ते कर्जाच्या व्याजाला पुरत नाही. या माणसाला गाण्याचा मोठा नाद. गोठ्यात धारा काढताना गाणी लावून ठेवायचा. गाई पान्हवतात की नाही हे त्याने मोजले असेल-नसेल, पण माणसाला कंटाळा येत नाही हे मात्र खरे.

जून १९७० मध्ये त्याच्या मळ्यापासून जवळच, शेप्टन मॅलेट नावाच्या गावाच्या माळावर, गाण्याचा मोठा उत्सव भरला होता. लेड झेपेलिन नावाचा त्या काळी गाजत असलेला बँड यायचा होता. ईव्हिस ऐकायला गेला. मोकळे आभाळ, माळावर बसलेली हजारो माणसे, आणि समोर आपला आवडता गाणारा. तो परत आला तो एकच विचार डोक्यात घेऊन, की हे आपल्या कुरणात का होऊ नये? कर्जही फिटेल.

आणि तीन महिन्यांत त्याने ते केले. १९ सप्टेंबर १९७०. आदल्याच दिवशी जिमी हेंड्रिक्स हा त्या काळचा सर्वांत नामांकित गिटारवादक लंडनमध्ये मरण पावलेला. तिकीट एक पौंड, आणि त्या पौंडात मळ्यातले दूध फुकट. माणसे आली दीड हजार. किंक्स नावाचा जो बँड ठरवला होता तो ऐनवेळी आला नाही. मग मार्क बोलन या गायकाच्या ताफ्याला पाचशे पौंडांत बोलावले. ते पाचशे पौंडही एकरकमी देता आले नाहीत, पुढे दुधाच्या पैशातून हप्त्याहप्त्याने फेडले. कर्ज कमी व्हायच्या ऐवजी वाढले. शहाणा माणूस इथे थांबला असता. भाऊबंद आणि शेजारी काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलेच असेल.

१९७१ मध्ये काही शहरी तरुणांनी पुढाकार घेऊन तिथेच पहिला पिरॅमिड उभा केला, लोखंडी पाइप आणि पत्र्यांचा. पुढे काही वर्षे खंड पडला. खरा जम बसला तो १९८१ पासून. त्या साली पक्का पिरॅमिड बांधला, त्याला टेलिग्राफच्या तारांचे खांब वापरले आणि लष्कराने काढून टाकलेले पत्रे. आता ऐका: जूनचे गाणे संपले, की हाच रंगमंच हिवाळ्यात गाईंचा गोठा आणि वैरणीची कोठी म्हणून वापरात! बांधकामाचा खर्च जत्रेवर टाका किंवा गोठ्यावर टाका, पैसा वाया नाही. शेतकऱ्याचे डोके ते हेच. तो पिरॅमिड १९९४ च्या जूनमध्ये, जत्रा तोंडावर आली असताना जळाला. सध्याचा धातूचा पिरॅमिड २००० सालचा.

गाव सुरुवातीला विरोधातच होते. रात्रीचा आवाज, बांधावरून ये-जा, शेतात घाण. परवान्याच्या अटींवरून तिथल्या कौन्सिलने त्याच्यावर १९८४ साली खटले भरले आणि ते त्याने जिंकले. २००० साली तर कुंपणावरून उड्या मारून बिनतिकिटांचे लोक लाखाच्या घरात आत शिरले. तेव्हा पुढचे वर्ष जत्राच भरवली नाही आणि २००२ साली सगळ्या मळ्याभोवती उंच पोलादी भिंत घातली. आज गावाचा सूर बदललेला आहे. पिल्टनमधल्या कामकरी कुटुंबांना परवडेल अशा भाड्याची घरे बांधायला ईव्हिसने जमीन दिली. जत्रेच्या उत्पन्नातून ऑक्सफॅम, वॉटरएड, ग्रीनपीस यांसारख्या संस्थांना वर्षानुवर्षे पैसा जातो. २०२४ साली त्याला 'सर' किताब मिळाला, तेव्हा वय अठ्ठ्याऐंशी. कारभार आता मुलगी एमिली पाहते. मळा मोडलेला नाही. इथल्या दुधाचे चेडर चीज निघते. माणसे येतात तेवढे दिवस गाई मोठ्या गोठ्यात बंद असतात. मोटेल या शब्दात गाईचे हंबरणे घालून त्या गोठ्याला लोकांनी 'मूटेल' असे नाव ठेवले आहे.

शुक्रवारी संध्याकाळी एक अजब गोष्ट पाहिली. मरीना अब्रामोविच नावाच्या सर्बियात जन्मलेल्या वयस्क कलावतीने पिरॅमिडवर येऊन सगळ्यांना विनंती केली, की सात मिनिटे कोणी काही बोलू नका. जगातल्या लढायांचा विचार करा आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवा. आमच्यापुढे-मागे हजारो माणसे. मला वाटले, जमणार नाही. आपल्याकडे दोन मिनिटांचे मौनसुद्धा दीड मिनिटात मोडते. पण जमले. झेंडे फडफडण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

शनिवारी मात्र भाची सकाळपासून हवेत. दुपारी दोन वाजता मला घेऊन पिरॅमिडपुढच्या उतारावर जागा धरून बसली. कार्यक्रम रात्रीचा! कीर्तनाला पुढची जागा मिळावी म्हणून आधी जाऊन पोते अंथरणाऱ्या आमच्या म्हातारीची मला आठवण झाली. उन्हात आठ तास. शेजारी वेल्समधून आलेले नवरा-बायको, वय साठीचे. त्यांनी २००२ पासून कोल्डप्लेचा इथला मोठा कार्यक्रम एकदाही चुकवलेला नाही: २००२, २००५, २०११, २०१६ आणि हा पाचवा. इतक्या वेळा शेवटच्या मानाची जागा इथे दुसऱ्या कोणाला मिळालेली नाही. पण १९९९ साली हेच चौघे इथे नवशिक्यांच्या तंबूत गायले होते, हे भाचीने मला दोनदा सांगितले. ख्रिस मार्टिन शेजारच्याच डेव्हन परगण्यातला. म्हणजे घरचाच पोरगा.

येताना प्रत्येकाच्या हातात एक पट्टा देत होते, मनगटाला बांधायचा. मी घड्याळ समजून बांधला. रात्री दहाच्या सुमाराला, तिकडे उन्हाळ्यात तेव्हा कुठे अंधारते, गाणे सुरू झाले आणि 'यलो' या गाण्याबरोबर सगळ्या उतारावरचे पट्टे एकदम पिवळे पेटले. रंगमंचावरून बिनतारी यंत्राने ते पेटवतात-विझवतात. वाचकहो, करडई फुललेले रान तुम्ही पाहिले आहे. ते रान रात्री उठून नाचू लागले तर कसे दिसेल? मला शब्द कळत नव्हते. ठेका कळत होता, आणि भोवतालच्या माणसांना प्रत्येक अक्षर पाठ आहे हे कळत होते. माझ्या हातातला पट्टा माझे न विचारता लाल होत होता, निळा होत होता.

शेवटाकडे रंगमंचावर एक माणूस आला, बसूनच. हातात गिटार. मायकेल जे. फॉक्स, अमेरिकेतला एकेकाळचा नामवंत नट. त्याला १९९१ पासून पार्किन्सन म्हणजे कंपवात आहे. भाचीने माझा हात धरला आणि परिचारिकेच्या आवाजात म्हणाली, "मामा, या आजारात गिटार धरणे किती अवघड आहे ते तुम्हाला माहीत नाही." हात थरथरत होते, पण तो वाजवत होता. गाणे होते 'फिक्स यू'. हे गाणे ख्रिस मार्टिनने केले ते त्याच्या तेव्हाच्या बायकोचे वडील वारले, त्या दुःखाच्या दिवसांत. हे मला भाचीनेच आधी बसमध्ये सांगितले होते. का सांगितले ते तेव्हा लक्षात आले नव्हते.

ती त्या गाण्यात रडली. हुंदके देऊन, आपल्याकडे माहेरचे माणूस पाहिल्यावर बाया रडतात तशी. तीन वर्षांचे होते ते. वेल्सच्या त्या बाईने काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मी दुसऱ्या बाजूने उभा राहिलो. गाणे संपले, फटाके उडाले, लोक ओरडले. ती डोळे पुसून म्हणाली, "चला, चहा पिऊ." रात्री तंबूत पहिल्यांदाच तिने वडिलांचा विषय काढला. त्यांना विहिरीवरच्या मोटरचा आवाज ऐकून पाणी किती खाली गेले ते कळायचे, हे आठवून दोघेही हसलो. ताईला दुसऱ्या दिवशी फोनवर एवढेच सांगितले, की पोर बरी आहे.

आता त्या जत्रेचे जे उणे आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल विलायतेचे सगळेच गोड दिसते. मळ्यातून व्हाइटलेक नावाची छोटी नदी वाहते. २०१९ च्या जत्रेच्या आधी, जत्रेत आणि नंतर बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी या नदीच्या पाण्याचे नमुने तपासले. त्यांत मादक द्रव्यांचे अंश सापडले. मळ्याच्या खालच्या अंगाला वरच्यापेक्षा पुष्कळ जास्त. कारण सरळ आहे. आडोशाला, बांधावर लघवीला बसणारे लोक. ते पाण्यात जाते आणि तिथल्या दुर्मीळ झालेल्या वाम माशाला अपाय होण्याइतके ते प्रमाण होते. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. जत्रेचे चालक 'नदीकाठी बसू नका' अशा पाट्या लावतात, ओरडून सांगतात. पण अंधारात दोन लाख माणसांवर पाट्यांचा किती जोर चालणार? पाच दिवस नदीकाठ सरळ बंद ठेवणे हाच उपाय मला दिसतो.

दुसरे उणे तंबूंचे. कित्येक वर्षे लोक सोमवारी तंबू जागेवर टाकून जात. पुष्कळ समजावून, २०१९ साली नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक तंबू लोकांनी परत नेले असे चालकांनी जाहीर केले. तंबूपेक्षा धोका आहे तो खुंट्यांचा. लोखंडी खुंटी गवतात राहिली आणि गाईने चाऱ्याबरोबर गिळली, तर काय होते हे तुमच्यापैकी ज्यांच्या गाईच्या पोटात तार गेली असेल त्यांना सांगायला नको.

सोमवारी सकाळी आम्ही तंबू काढला. गवत म्हणावे तर होते, म्हणावे तर नव्हते. पिवळे पडून जमिनीला चिकटलेले, जिथून माणसे चालली तिथे नुसती घट्ट माती. मी टाच मारून पाहिली, खळ्यासारखी टणक. शेजारच्या कुरणात कचरा वेचणाऱ्यांची रांग खांद्याला खांदा लावून पुढे सरकत होती. त्यांतले पुष्कळ स्वयंसेवक. कामाच्या बदल्यात त्यांना जत्रा फुकट. ते गेले की मागून ट्रॅक्टरला लोहचुंबक लावून सगळे रान पिंजून काढतात, खुंट्या आणि खिळे ओढून घ्यायला. कित्येक आठवडे हे काम चालते आणि त्यानंतर गाई बाहेर सोडतात.

आणि दर पाच-सहा वर्षांनी एक वर्ष रान पूर्ण पड ठेवतात. २००६, २०१२, २०१८. जत्रा नाही, तिकीट नाही, कोट्यवधींचे उत्पन्न नाही. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे कोरोनाने बुडाली, तरी पुढची पड रद्द केली नाही; २०२६ हे पडीचेच वर्ष ठरले. गवताला मुळे धरायला वेळ द्यायचा, गावाला झोप द्यायची आणि गाईंना उन्हाळाभर बाहेर चरू द्यायचे. एवढ्या पैशाला नाही म्हणणे सोपे नाही. आपण उसाच्या मागे ऊस घेताना जमिनीला एक हंगाम ताग-धैंचा देत नाही, आणि हा माणूस दोन लाख गिऱ्हाइकांना सांगतो, की यंदा येऊ नका, गवत दमले आहे.

निघताना भाचीने खुंट्या मोजल्या. तंबूच्या पिशवीवर सोळा लिहिले होते, हातात पंधरा भरल्या. आगगाडीला उशीर होत होता, तरी ती गुडघ्यावर बसून गवत चाचपत राहिली. मीही बसलो. दहा मिनिटांनी सोळावी सापडली, मातीत डोक्यापर्यंत रुतलेली. बसमध्ये जागा मिळाली ती शेवटची.

पुढची जत्रा आता २०२७ ची. त्या साली कोण गाणार हे कोणाला ठाऊक नाही, पण भाचीने तिसरे नाव नोंदवायचे ठरवले आहे. ताईचा पासपोर्ट आला आहे. तिने फोटो पाहून एवढेच विचारले, की जून महिन्यात आपल्या म्हशीची धार कोण काढणार.